शाळेचा निकाल

दलित आत्मकथनांतील शाळेकडे मराठी समीक्षेने फार सोयीस्कर नजरेने पाहिले आहे. अपमान सोसून शिकलेले मूल आणि त्याची जिद्द, एवढ्यावर तिचे कौतुक संपते. जिद्दीचे गोडवे गायले जातात आणि शाळा निर्दोष सुटते! पनवेलमध्ये विद्यार्थ्यांबरोबर ही पुस्तके वाचताना ही पळवाट मला फार खटकली.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) पाहा. नागपूरसारख्या शहरात एक दलित मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. होते. शाळेत गोखले गुरुजींनी तिला भेदभाव न करता शिकवलेले असते. गुणवत्तेचा याहून मोठा पुरावा कोणता? तरीही संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळते ती आंतरजातीय विवाहानंतर, 'पावडे' हे आडनाव लागल्यावर! पदवी तीच, बुद्धी तीच. बदलले फक्त आडनाव. मग उत्तीर्ण कोण झाले आणि नापास कोण?

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) रत्नागिरीच्या शाळेत मुलीला शेण काढायला लावणारे गुरुजी आहेत, तशीच त्यांना जाब विचारणारी, आयदाने विणून घर चालवणारी आईही आहे. मुलीच्या सोशिकतेचे कौतुक न करता ती सरळ शाळेलाच प्रश्न करते. आपल्या समीक्षेने या आईकडून शिकावे.

अमेरिकेत १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५७ साली लिट्ल रॉक येथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोचवायला लष्कर आणावे लागले. लष्कर वर्गापर्यंत नेऊ शकते. शेजारच्या बाकावरची नजर बदलू शकत नाही.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. खारघर-कामोठ्यासारख्या वसाहती असलेल्या पनवेलसाठी हा दूरचा वाद नाही. गरिबाचे मूल श्रीमंताच्या मुलाशेजारी बसावे की नाही, हाच त्यातला प्रश्न होता.

म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे : ही पुस्तके वर्गात वाचा, पण मुलांच्या जिद्दीवर निबंध मागू नका. या पानांतली शाळा कुठे नापास झाली, ते त्यांना लिहू द्या. आणि त्या उत्तरांत आपली शाळा दिसली, तर वही मिटू नका!