अर्धविराम की डॅश?

आपल्या तरुण मंडळींचे इंग्रजी लेखन वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. अर्धविराम त्यातून जवळजवळ हद्दपार झाला आहे आणि त्याच्या जागी डॅश येऊन बसला आहे. व्याकरणाच्या पुस्तकांत या आडव्या रेघेला ‘अपसारणचिन्ह’ असे भारदस्त नाव आहे; व्यवहारात मात्र आपण सारे तिला डॅशच म्हणतो. नाशिकसारख्या शहरात मुले शाळेत इंग्रजी शिकतात आणि घरी व देवळात मराठी बोलतात. त्यामुळे एका भाषेतील सवय दुसऱ्या भाषेत उतरण्यास वेळ लागत नाही. प्रश्न टिंबाचा आणि रेघेचा दिसतो खरा, परंतु त्यामागे एक मोठा प्रश्न उभा आहे: शेजारी ठेवलेल्या दोन विचारांचे एकमेकांशी नाते काय, हे लेखकाने ठरवले आहे काय?

दोन्ही चिन्हांचे कार्य भिन्न आहे. ‘वडील शेतावर गेले; आई शाळेत शिकवायला गेली.’ येथे दोन्ही वाक्ये स्वयंपूर्ण आहेत, दोघांचे वजन सारखे आहे, आणि त्यांना शेजारी बसवल्यामुळे एका कुटुंबाचे चित्र उभे राहते. अर्धविराम हा तराजूच्या दांड्यासारखा आहे. आता दुसरे वाक्य पाहू: ‘त्या घरात किमती वस्तू एकच होती — आजीची जपमाळ.’ येथे पहिला भाग अपेक्षा निर्माण करतो आणि दुसरा ती पुरी करतो. डॅश हे जणू उघडणारे दार आहे. बोलता बोलता वाक्य तुटले, तरीही डॅशच हवा. जेथे तराजू हवा तेथे दार बसवले, तर वाचक प्रत्येक वाक्यागणिक काही तरी विशेष घडेल म्हणून वाट पाहतो, आणि वारंवार निराश होऊन शेवटी वाट पाहणेच सोडून देतो.

इंग्रजीत अर्धविराम आला तो मुद्रकांच्या हातून. व्हेनिसच्या आल्डस मानुशियस या मुद्रकाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते चिन्ह छापले आणि तेथून ते युरोपभर पसरले. त्याचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर कार्डिनल न्यूमन यांचे गद्य वाचावे. १८५२ साली डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या विद्यापीठविषयक ग्रंथात सभ्य गृहस्थाचे जे प्रसिद्ध वर्णन आहे, त्यात गुणामागून गुण अर्धविरामाने जोडलेले आहेत. कोणताही गुण पुढे पुढे करीत नाही. रचनेचा संयम हाच वर्णिलेल्या माणसाचा संयम ठरतो. तेथे सर्वत्र डॅश घातले, तर तो सभ्य गृहस्थ धापा टाकीत बोलू लागेल.

याच्या उलट उदाहरण अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांचे. त्यांच्या कवितांत डॅश पावलोपावली येतो. १८९० साली पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी ते डॅश बहुतांशी काढून रूढ विरामचिन्हे घातली. १९५५ साली टॉमस जॉन्सन यांच्या आवृत्तीने ते परत आणले, तेव्हा वाचकांना कळले की ती बेशिस्त नव्हती. थबकत, अडखळत, पुन्हा झेपावत चालणाऱ्या मनाची ती चाल होती. तेव्हा डॅश कमी प्रतीचा नाही. ज्याचे मन खरोखर थबकते, त्याने तो वापरावा.

मराठीचा संसार या चिन्हांवाचून शतकानुशतके चालला. मोडी लिहिणारा कारकून शब्दही तोडीत नसे, मग विराम कोठला! फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, पण त्याचा श्वास ओवीच्या चरणांनी ठरतो. इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मुख्यत: कोशकार मेजर टॉमस कँडी यांच्याकडे जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० साली प्रसिद्ध झाली. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त इंग्रजी धाटणीचे लांब, तोलदार वाक्य मराठीत ऐटीने वावरू लागले.

परंतु उसने घेतलेल्या चिन्हाने येथे वेगळा नियम धरला. आपली शालेय व्याकरणे सांगतात की दोन छोटी वाक्ये ‘पण’, ‘परंतु’ अशा उभयान्वयी अव्ययाने जोडली असता अर्धविराम द्यावा. इंग्रजीत बहुधा उलट असते: अव्यय असेल तर स्वल्पविरामाने भागते, अव्यय नसेल तेथेच अर्धविरामाची खरी गरज. मुले दोन्हीकडे गोंधळतात, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे असे की, वाक्ये जोडण्याची मराठीची स्वत:ची साधने समृद्ध आहेत. ‘येऊन’, ‘बसून’, ‘गेला असता’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘म्हणजे’ यांनी जे नाते स्पष्ट होते, ते रेघ ओढून सूचित करण्याचे प्रयोजन काय?

या संदर्भात नाशिककरांनी लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण करावे. नाशिकजवळच्या जलालपूरचा त्यांचा जन्म. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाई लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या, आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांची वाक्ये आखूड आणि बोलती आहेत. विनोद किंवा दु:ख येणार असल्याची वर्दी त्यांना चिन्हाकरवी द्यावी लागत नाही. शब्दांचा क्रमच ते काम करतो.

विरामाचा प्रश्न केवळ शैलीचा नाही, अर्थाचाही आहे, हे बायबलच्या वाचकाला सांगावयास नको. प्राचीन हस्तलिखितांत आजच्यासारखी चिन्हे नव्हती. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात ‘अरण्यात’ हा शब्द कोठे जोडावा? हिब्रू काव्याची समांतर रचना पाहता मार्ग अरण्यात सिद्ध करावयाचा आहे. ग्रीक भाषांतराच्या आधारे मार्कच्या शुभवर्तमानात वाणीच अरण्यात घुमते. एक विराम सरकला आणि चित्र पालटले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बाराव्या ओवीच्या शेवटी संत पौलाचे वाक्य अपुरे राहून विचार दुसरीकडे वळतो. किंग जेम्स भाषांतराच्या प्रचलित आवृत्त्यांत पुढील पाच ओव्या कंसात आहेत; रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनमध्ये तेथे डॅश आहे. तो डॅश आम्हांस प्रामाणिक वाटतो, कारण तेथे वाक्य खरोखरच तुटले आहे.

रविवारच्या मिस्साबलिदानात वाचन करणाऱ्यांना तर हा विवेक अधिकच हवा. ऐकणाऱ्याच्या हाती पुस्तक असतेच असे नाही. त्याचे विरामचिन्ह म्हणजे वाचकाचा आवाज. अर्धविरामापाशी स्वर पूर्ण उतरवला तर विचार अर्ध्यावर मरतो. डॅशपाशी न थांबता धावले तर पुढे येणारा मुख्य शब्द हरवतो.

म्हणून लिहिणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. डॅश काढण्यापूर्वी त्या जागी ‘म्हणजे’ किंवा ‘आणि पाहा’ असे मनात म्हणून पाहावे. बसले तर डॅश राहू द्यावा. ‘आणि दुसरीकडे’ असे म्हणावेसे वाटले तर अर्धविराम द्यावा. काहीच बसत नसेल, तर पूर्णविराम देऊन नवे वाक्य सुरू करावे. आणि दोन वाक्यांतील नाते स्वत:लाच सापडत नसेल, तर लेखणी खाली ठेवून थोडा वेळ विचार करावा. नात्याची ती उणीव कोणत्याही चिन्हाने भरून निघणार नाही.