परीक्षा, प्रात्यक्षिक आणि उपाधी

१५ जानेवारी २०२५ला सेनादिनाचं संचलन आपल्या पुण्यात, खडकीला झालं. त्याच सुमारास ‘संभव’ या लष्करी मोबाइलच्या बातम्या आपण वाचल्या. सुमारे ३० हजार संच, ५जी, संभाषणाला सांकेतिक कुलपं, चीनशी झालेल्या बोलण्यांत वापर. अभिमान वाटला, वाटावाही. पण ‘यशस्वी चाचणी’ म्हटलं की आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना विचारावंसं वाटतं, चाचणी कसली?

वात्स्यायनानं न्यायभाष्यात शास्त्राची तीन कामं सांगितली: उद्देश, लक्षण, परीक्षा. नाव घ्या, व्याख्या करा, मग ती टिकते का पाहा. आपल्याकडे पहिल्या दोहोंचा सोहळा होतो आणि परीक्षेच्या जागी प्रात्यक्षिक येतं. प्रात्यक्षिकात उपकरण चालावं अशी सगळ्यांचीच इच्छा असते. परीक्षेत निदान एकानं तरी ते बंद पाडायला झटावं लागतं. रणांगणावर ते काम शत्रू करतो.

नैयायिकांचा दुसरा शब्द ‘उपाधी’. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, इंधन ओलं हवं. ते ओलेपण ही उपाधी. ‘पल्ला इतके किलोमीटर’ या वाक्यातही अशी ओली लाकडं दडलेली असतात: सपाट माळ, उंच अँटेना, लहरींत गोंधळ घालणारं कुणी नाही. आपल्या मावळात एक डोंगर आडवा आला की पल्ला संपला! त्यातून टॉवरविना चालणारं फिरतं जाळं असेल, तर प्रत्येक संच दुसऱ्याचा निरोप पुढे देतो. संच वाढले की निरोप ढकलण्यातच लहरी खर्च होतात. दहा संचांवर उत्तम चाललेलं शंभरांवर चालेलच असं नाही. हे गणित आहे, देशद्रोह नव्हे.

सप्टेंबर १९४४मध्ये आर्न्हेमला ब्रिटिश छत्रीधारी उतरले. झाडीत, घरांच्या दाटीत वायरलेस मुके झाले. सेनापती आपल्याच तुकड्या शोधायला जीपनं निघाला आणि अडकला.

अमेरिकेत १९८३पासून शस्त्रचाचण्यांवर देखरेख ठेवणारं स्वतंत्र कार्यालय आहे. ते उणिवा दरवर्षी छापतं. ‘विन-टी’ या फिरत्या जाळ्याच्या उणिवाही तशाच छापल्या गेल्या आणि २०१७मध्ये लष्करानं त्याची खरेदी थांबवायचं ठरवलं. तिथंही पैसा बुडतोच, पण निदान कशात बुडाला ते कळतं.

गुप्ततेला आमचा विरोध नाही. सांकेतिक किल्ल्या कुणी मागत नाही. पण ‘संभव’ खाजगी कंपन्यांच्या जाळ्यांवरही चालतो म्हणतात. त्या टॉवरची वीज तोडून, लहरी गढूळ करून कुणी पाहिलं का, आणि पाहणारा बनवणाऱ्याहून वेगळा होता का, एवढं बंद दाराआड संसदेच्या संरक्षणविषयक समितीला तरी सांगता यावं.