टाकाकिया: चुकलेला, तरीही चांगला पेपर

प्री-पीएचडी कोर्सवर्कमध्ये एक दिवस तुमच्या हातात पेपर ठेवतात आणि म्हणतात, "याचं परीक्षण करा." मग आपण काय करतो? सँपल साइज लहान आहे, मर्यादा नीट लिहिलेल्या नाहीत, संदर्भ जुने आहेत, आणखी संशोधनाची गरज आहे. ही चार वाक्यं कुठल्याही पेपरला चिकटतात. पहिल्या वर्षी मीही तेच करायचे, आणि मार्क मिळायचे म्हणून त्यात काही चुकतंय असं वाटायचंही नाही.

आज एकाच मॉसवरचे तीन पेपर घेऊ. पहिला 1958 चा. त्यात या वनस्पतीला जो गट दिला होता तो चुकीचा निघाला. दुसरा 1993 चा, ज्याने ती चूक सुधारली. तिसरा 2023 चा, 'सेल'सारख्या मोठ्या जर्नलमधला. माझं मत आधीच सांगून टाकते: शिकायचं असेल तर चुकलेला पहिला पेपर जास्त शिकवतो, आणि तिसऱ्या पेपरचं शेवटचं वाक्य तुम्ही तसंच्या तसं उचलू नये. का, ते पुढे.

आधी वनस्पती समजून घ्या

मराठीत आपण ओल्या भिंतीवरच्या प्रत्येक हिरव्या थराला 'शेवाळ' म्हणतो. त्यात खरं शैवालही येतं, मॉसही येतं आणि लिव्हरवर्टही. शाळेच्या पुस्तकातली मर्केन्शिया आणि रिक्सिया ही लिव्हरवर्ट, आणि फ्युनारिया हे मॉस. दोन्ही ब्रायोफायटा, पण घराणी वेगळी.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो स्पोरोफाइटमध्ये, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या भागात. मॉसचा देठ आधी वाढतो, चिवट असतो आणि बराच काळ उभा राहतो. लिव्हरवर्टचा देठ पारदर्शक आणि नाजूक. बीजाणू पिकल्यावर तो भराभर लांब होतो आणि थोड्याच दिवसांत गळून जातो. म्हणून स्पोरोफाइट हाती नसेल, तर गटाबद्दल बोलताना सांभाळून बोलावं लागतं.

आता टाकाकिया. उंची साधारण एक सेंटिमीटर. पानं सपाट नाहीत, तर बोटांसारखी गोल, आणि बुडापर्यंत दोन-चार भागांत चिरलेली. खाली मुळांसारखे तंतू म्हणजे ऱ्हायझॉइड अजिबात नाहीत. राहते उंच डोंगरांवरच्या ओल्या, थंड खडकांवर, जिथे कित्येक महिने बर्फ असतो. जपानी लोकांनी तिला नाव दिलं 'नांजामोंजा-गोके'. मराठीत सांगायचं तर 'हे काय बुवा शेवाळ'. त्यांचा 'गोके' शब्दही आपल्या शेवाळासारखाच ऐसपैस आहे, त्यामुळे त्या नावाने कुठलीच बाजू घेतली नाही.

1958: पाच पानं आणि एक नम्र शीर्षक

नोरिओ ताकाकी यांना ही वनस्पती जपानच्या उत्तर आल्प्समध्ये मिळाली. सिनस्के हात्तोरी आणि हिरोशी इनोउए यांनी 1958 साली तिचं वर्णन छापलं आणि ताकाकींच्या सन्मानार्थ प्रजातीसमूहाचं नाव ठेवलं टाकाकिया. पूर्ण नाव टाकाकिया लेपिडोझिऑइडिस, म्हणजे 'लेपिडोझियासारखी दिसणारी'. लेपिडोझिया हे लिव्हरवर्ट, आणि यांनीही टाकाकियाला लिव्हरवर्टमध्येच बसवलं.

त्या वेळी त्यांच्याकडे काय नव्हतं ते बघा. नर अवयव नव्हते आणि स्पोरोफाइटही नव्हता. म्हणजे ज्या पुराव्यावर मॉस की लिव्हरवर्ट हे ठरतं, नेमका तोच गायब. तरी त्यांनी पेपर छापला. घाई केली का?

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं पहिलं कारण शीर्षकातच आहे. पेपरचं नावच 'प्राथमिक अहवाल' या अर्थाचं आहे. जगात दुसरं काही तिच्यासारखं नाही, अशी वनस्पती हातात असताना माणूस काय काय शीर्षकं देऊ शकला असता! यांनी वाचकाला पहिल्याच ओळीत सांगितलं की काम अपुरं आहे.

दुसरं कारण नियमांशी जोडलेलं आहे, आणि वर्गीकरणात काम करणार असाल तर हे पाठच करा. वनस्पतींच्या नामकरण संहितेनुसार 1 जानेवारी 1958 पासून नव्या प्रजातीचं नाव ग्राह्य धरायचं असेल तर त्याचा 'टाइप', म्हणजे ते नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, सांगावाच लागतो. त्या काळी वर्णन लॅटिनमध्ये लिहिणंही सक्तीचं होतं. 2012 पासून इंग्रजीही चालतं. टाइपचा नियम कागदी वाटतो, पण त्याचा अर्थ बघा. लेखक म्हणतो, "माझं मत चुकेल कदाचित, पण मी ज्याबद्दल बोललो ती वस्तू ही इथे ठेवली आहे. या आणि तपासा." गट चुकला तरी नाव टिकलं, ते याच्यामुळे.

आता दोष. 'लेपिडोझियासारखी' असं नाव देताना त्यांनी लेपिडोझियाच्या जुन्या याद्या नीट चाळल्या नाहीत. विल्यम मिटन या इंग्रज ब्रायोलॉजिस्टने 1861 मध्येच, सिक्कीम हिमालयातून जोसेफ हूकर यांनी आणलेल्या नमुन्यावरून, 'लेपिडोझिया सेराटोफायला' नावाची प्रजाती लिहून ठेवली होती. 1963 मध्ये रिक्लेफ ग्रोले यांनी दाखवून दिलं की ती लेपिडोझिया नाहीच, ती टाकाकियाची दुसरी प्रजाती आहे. आज तिचं नाव टाकाकिया सेराटोफायला. म्हणजे हिमालयातली टाकाकिया एका पाकिटात शंभर वर्षं चुकीच्या नावाने पडून होती, आणि 'नवा' शोध जपानमध्ये लागला.

1958 च्या पेपरवर माझा खरा आक्षेप हाच आहे. वनस्पती ज्या गटासारखी वाटते, त्या गटाची जुनी नावं आधी धुंडाळायची, ही पहिली पायरी. स्पोरोफाइट न मिळणं त्यांच्या हातात नव्हतं, जुनी यादी बघणं होतं. परीक्षण करताना या दोन गोष्टी वेगळ्या काढायला शिका. हाती नसलेल्या पुराव्यासाठी लेखकाला झोडपू नका. हाताशी असून न पाहिलेल्या पुराव्यासाठी मात्र जरूर विचारा.

1993: एक देठ आणि सगळं उलटंपालटं

पुढची तीसेक वर्षं वाद चालू राहिला. 1980 च्या दशकात काही अभ्यासकांनी टाकाकियाचं नातं आदिम मॉसशी जोडून पाहिलं होतं. पण निकाल लागला तो अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर. डेव्हिड स्मिथ यांना तिथे टाकाकिया सेराटोफायलाचे नर अवयव आणि स्पोरोफाइट मिळाले, आणि 1993 मध्ये स्मिथ आणि डेव्हिसन यांनी सविस्तर पेपर छापला. देठ चिवट, टिकणारा. बीजाणूंची डबी एकाच तिरक्या, पिळदार चिरेने उघडणारी. लिव्हरवर्टचा प्रश्नच मिटला. टाकाकिया मॉस ठरली, तीही मॉसच्या वंशवृक्षात अगदी बुंध्याशी. पुढे डीएनएनेही तेच सांगितलं.

हा पेपर मला आवडतो, कारण तो एकच काम करतो आणि पूर्ण करतो. पण एक बारीक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटू नये. स्पोरोफाइट मिळाला तो सेराटोफायलाचा, लेपिडोझिऑइडिसचा नव्हे. एका प्रजातीवरून अख्खा गट हलवला तो दोन्ही प्रजातींच्या बाकीच्या साम्यावर विश्वास ठेवून. तर्क बरोबर होता, पण होता तर्कच. व्हायवाला कुणी विचारलं, "लेपिडोझिऑइडिस मॉस आहे हे 1993 मध्ये कशावरून ठरलं?" तर 'स्पोरोफाइटवरून' एवढंच उत्तर अर्धवट आहे.

2023: मोठा पेपर, मोठं वाक्य

आता 'सेल'मधला पेपर. चिनी आणि जर्मन संशोधकांच्या गटाने तिबेटच्या पठारावर, 4,000 मीटरच्या वर, 2010 ते 2021 अशी वर्षानुवर्षं जाऊन टाकाकिया लेपिडोझिऑइडिस मोजली. तिचा पूर्ण जीनोम वाचला. 27,467 प्रथिनं बनवणारी जनुकं मिळाली. गंमत म्हणजे जिला सगळे 'जिवंत जीवाश्म' म्हणतात, तिच्यात वेगाने बदलणाऱ्या जनुकांची संख्या तुलनेतल्या इतर वनस्पतींपेक्षा जास्त निघाली. रूप मात्र 16.5 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांमध्येही ओळखू येतं. म्हणजे बाहेरून थांबलेली, आतून धावणारी. 'जुनं म्हणजे न बदललेलं' हा आपला समज या एका निकालाने मोडतो, आणि त्यासाठी हा पेपर वाचायलाच हवा. एवढ्या उंचीवर अकरा-बारा वर्षं त्याच जागी परत जाऊन मोजणं हीसुद्धा साधी गोष्ट नाही.

मग माझं भांडण कशाशी? सारांशाच्या शेवटाशी. त्याचा आशय असा: जवळजवळ 40 कोटी वर्षांच्या उत्क्रांतीनंतर ही प्रजाती आता नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. यात तीन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात.

एक, 40 कोटी वर्षं हे वय वंशशाखेचं आहे, या एका प्रजातीचं नाही. खापरपणजोबांचं वय नातवाला लावल्यासारखं ते होतं.

दोन, घट मोजली ती तिबेटमधल्या अभ्यासक्षेत्रात, वर्षाला साधारण 1.6 टक्के. पण ही प्रजाती जपानमध्ये आहे, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडेही आहे. एका जागची घट चिंताजनक आहेच. ती पूर्ण प्रजातीची घट आहे असं म्हणायला बाकीच्या जागांचीही मोजणी लागते.

तीन, तापमान. तिथे दरवर्षी सरासरी अर्ध्या अंशाच्या आसपास वाढ नोंदली गेली. जवळची हिमनदीही मागे हटत होती, आणि बर्फ हटला की त्या जागेचं स्थानिक हवामानही बदलतं. तो आकडा त्या जागेसाठी महत्त्वाचा आहे, पण उचलून 'हिमालय दरवर्षी अर्ध्या अंशाने तापतोय' असं लिहिलंत तर ते सपशेल चूक.

हवामानबदलाचा धोका खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. धोका खरा आहे, म्हणूनच वाक्य मोजून-मापून हवं. उद्या कुणी जपानमधली सुखरूप टाकाकिया दाखवून "बघा, उगाच घाबरवत होते" म्हणायला नको.

हे सगळं मी का लिहितेय?

माझ्या टेबलावर एक कागदी पाकीट आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी महाबळेश्वरच्या बाजूला एका खडकाच्या खाचेतून घेतलेलं मॉस त्यात आहे. कुठल्याच कीमध्ये ते नीट बसत नाही. स्पोरोफाइट नाही. थिसिस द्यायच्या आधी एक 'नवी प्रजाती' नावावर लागली तर काय हवं! मी गाईडना मसुदाही दाखवला होता. त्यांनी एकच विचारलं, "याच्या जवळच्या प्रजातींचे टाइप बघितलेस का?" नव्हते बघितले. मिटनच्या पाकिटाची गोष्ट मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली. माझी नवी प्रजाती कुठल्यातरी हर्बेरियममध्ये दीडशे वर्षांपासून दुसऱ्याच नावाने पडलेली असू शकते.

म्हणून आता मी ते टाइप मागवून, फोटो मिळवून बघतेय. पेपर लांबला. होऊ दे.

तुम्ही नव्या प्रजातीचा पेपर वाचाल, किंवा लिहाल, तेव्हा निदान एवढं तपासा. टाइप कुठे ठेवलाय आणि तो दुसऱ्याला बघता येईल का? लेखकाने काय *पाहिलं नाही* ते स्पष्ट लिहिलंय का? ज्या गटासारखी वाटते त्या गटाची जुनी नावं पाहिलीत का? आणि शेवटचं वाक्य आकड्यांपेक्षा मोठं तर झालं नाही ना?

1958 चा पेपर यातल्या तिसऱ्या प्रश्नावर नापास होतो. पण त्याची चूक पुढच्या माणसाला सापडेल, दुरुस्त करता येईल, अशी सोय तो स्वतःच करून ठेवतो. ग्रोले आणि स्मिथ यांना ती करता आली. बरोबर असणं दरवेळी आपल्या हातात नसतं, ही सोय मात्र असते.

पुढच्या वेळी 'याचं परीक्षण करा' म्हटलं, की ती तयार चार वाक्यं बाजूला ठेवा आणि तिथून सुरुवात करा.