वर्ज्य रंग



आजचा विषय वरवर पाहता फोटोग्राफरांचा आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे रंगीत काच लावतात, तिला फिल्टर म्हणतात. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्यांनी त्यात काय बोलायचं? पण आपल्या मराठीत ‘गाळणे’ हे क्रियापद आहे, आणि त्याला दोन अर्थ आहेत. आपण चहा गाळतो आणि मजकुरातली एखादी ओळही गाळतो. पहिल्यात नको ते मागे राहतं. दुसऱ्यात जे असायला हवं तेच नाहीसं होतं. रंगीत काच यातलं नक्की कोणतं गाळणं करते, एवढाच आजचा प्रश्न.

उदाहरण प्रसिद्धच घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीवर हाफ डोम नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड कडा आहे. १० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन त्याच्यासमोर चढून गेला. शेवटी दोनच प्लेटा उरल्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली, आणि लगेच त्याच्या ध्यानात आलं की आकाश फिकं येणार; कड्याचा जो दरारा आपल्याला जाणवतोय तो कागदावर उतरणार नाही. मग त्याने गडद लाल फिल्टर लावला, पाच सेकंदांचं एक्स्पोजर दिलं आणि शेवटची प्लेट घेतली. ‘मोनोलिथ’ या नावाने जगभर गेलेलं छायाचित्र ते हेच. त्यातलं आकाश जवळजवळ काळं आहे.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लाल काच आकाशात काळा रंग भरत नाही. ती लाल प्रकाश आत सोडते, निळा अडवते. त्यामुळे निळ्या आकाशाकडून प्लेटपर्यंत फारसं काही पोचत नाही. निगेटिव्हवर ती जागा विरळ राहते आणि प्रिंटमध्ये गडद उमटते. सावल्याही गडद होतात, कारण सावलीला उजेड मिळतो तो बराचसा निळ्या आकाशाचाच. उन्हातला दगड आणि बर्फ मात्र उजळ राहतात, कारण त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकाशात लालही भरपूर असतो. म्हणजे बघा, तो सगळा दरारा वजाबाकीतून आला. बाहेरून काहीच घातलेलं नाही.

पुढे १९३२ साली अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. धूसर, चित्रकलेची नक्कल करणारे फोटो त्यांना नको होते. छायाचित्र ‘शुद्ध’ हवं, असा त्यांचा जाहीरनामा. यावर कोणीही विचारेल, की दुपारचं आकाश काळं करणारे शुद्ध कसे? त्यांच्या बाजूने उत्तर देता येतं: आम्ही निगेटिव्हवर कुंचला फिरवला नाही, प्रकाशानेच प्रकाशाचं काम केलं. हे उत्तर आम्हाला निम्मं पटतं. घालणं आणि गाळणं यांत फरक आहेच. पण गाळलेल्या ओळीनेही वाक्याचा अर्थ फिरतो, हे कोणत्याही वकिलाला विचारा. तेव्हा ‘आम्ही काही घातलं नाही’ एवढ्यावर शुद्धतेचा दाखला मिळत नाही.

मग कोणी म्हणेल, अहो, माणसाचा डोळा तरी कुठे शुद्ध आहे? खरंच नाही. डोळ्यातलं भिंग अतिनील किरण अडवतं आणि वयाबरोबर पिवळं पडत जातं. इथे मोतीबिंदू काढून घेतलेली मंडळी असतील. निळा रंग पुन्हा उजळला, हा अनुभव त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आला असेल. कांट वाचून हादरलेल्या हाइनरिश फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाने १८०१ साली एका पत्रात असाच विचार मांडला होता: सगळ्यांना डोळ्यांच्या जागी हिरव्या काचा असत्या, तर जग हिरवं आहे की काच, हे कोणालाही ठरवता आलं नसतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा दाखला हमखास येतो. पण तो फिल्टरला लावणं चूक आहे. क्लाइस्टची काच काढता येत नाही, अ‍ॅडम्सची येते. त्याने एकाच दुपारी पिवळी काढून लाल लावली. ज्याला काच बदलता येते, त्याला काचेचा वाटा किती आणि कड्याचा किती, हे वेगळं करता येतं. एका काचेतून दृष्टी मिळते, पण ज्ञान दोन काचांच्या तुलनेतून सुरू होतं.

याचा उत्तम पुरावा १८६१ सालचा आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चौकटीच्या रंगीत फितीचं चित्र पडद्यावर दाखवलं. टॉमस सटनने त्या फितीचे फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून वेगवेगळे घेतले होते. तीनही कृष्णधवल. त्याच रंगांच्या प्रकाशात ते एकावर एक टाकले आणि फितीचे रंग दिसले. पण त्या काळच्या प्लेटला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे! मग लाल द्रावणामागची प्लेट उमटली कशी? शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकच्या राल्फ इव्हान्सने याचा उलगडा केला. ते द्रावण अतिनील किरणही आत सोडत होतं, आणि लाल कापडाकडून तेही परावर्तित होत होते. गाळणीतून भलतंच काही गळलं होतं! हे शोधून काढता आलं, कारण कोणतं द्रावण वापरलं होतं ते नोंदलेलं होतं. काच जाहीर असली की तिची चूकसुद्धा शंभर वर्षांनी दुरुस्त होते.

आता हबल दुर्बिणीचं १९९५ सालचं गरुड तेजोमेघाचं चित्र आठवा, ‘निर्मितीचे स्तंभ’ या नावाचं. तिथे तीन अतिशय अरुंद फिल्टर होते: गंधकाच्या प्रकाशाला लाल रंग दिला, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा, ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा. वास्तविक हायड्रोजनचा तो प्रकाश डोळ्याला लालच दिसतो. यावर ‘नासाने रंग खोटे दिले’ अशी ओरड अधूनमधून होते. आम्हाला ती मान्य नाही. कोणता रंग कोणत्या मूलद्रव्याचा, हे चित्रासोबतच सांगितलेलं होतं. आमच्या कसोटीवर हबलचं चित्र ‘मोनोलिथ’पेक्षा सरस उतरतं. दोष मधल्या प्रवासाचा: चित्र पोस्टरवर गेलं, टी-शर्टवर गेलं, आणि मजकूर मागे राहिला. तिथे खरी ओळ गळली.

आणि हल्ली फोटोखाली ‘नो फिल्टर’ लिहितात, त्यांचं काय? फोनच्या सेन्सरवर बहुधा बारीक रंगीत फिल्टरांची जाळी बसवलेलीच असते. कोडॅकच्या ब्राइस बायरने तिचं पेटंट १९७६ साली मिळवलं. तिच्यात निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिपक्यावर उरलेले दोन रंग हिशेबाने भरतात. शाळेतल्या गाळलेल्या जागा भरा, तसंच. ‘नो फिल्टर’ म्हणणाऱ्याला काच दिसलेली नसते, इतकंच.

तर ‘मोनोलिथ’बद्दल आमचा निवाडा काय? चित्र थोर आहे. अ‍ॅडम्सनेही काही लपवलं नाही. दोन्ही प्लेटांची हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली. पण भिंतीवरचं चित्र ती हकिकत सांगत नाही. म्हणून त्याखाली ‘लाल फिल्टर’ एवढे दोन शब्द असावेत, असं आमचं मत आहे. रसभंग होईल, अशी भीती कोणी घालेल. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. जाणकार श्रोत्याला ते ठाऊक असतं, म्हणून भूपाचा आनंद कमी होतो का? उलट, काय वर्ज्य आहे ते ठाऊक असलं की उरलेल्या पाच स्वरांचं मोल अधिक कळतं. भूपाला खोटा कोणी म्हणत नाही, कारण त्यात वर्ज्य काय ते गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं.

फिल्टरकडून आपण तेवढंच मागावं. जरूर गाळा, काय वर्ज्य केलं ते सांगा.

इथे थांबू या.