उपद्रवी सत्ताधारी आणि त्यांचे नियमन : ‘आज्ञापत्रा’तील वतनदार प्रकरणाचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

कोणतीही वसाहत विशिष्ट मर्यादेपलीकडे वाढली की श्रम करणारा वर्ग आणि सर्वोच्च सत्ता यांच्यामध्ये एक मधला वर्ग उभा राहतो. हा वर्ग वसुली करतो, निवाडे करतो, मान मागतो आणि मिळालेला मान हक्क म्हणून पुढच्या पिढीकडे सोपवतो. त्याच्यावाचून राज्य चालत नाही आणि त्याच्यामुळेच राज्य अडते. मराठी गद्यात या पेचाचा सर्वाधिक नेमका विचार रामचंद्र नीलकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात आढळतो. इ. स. १७१५ च्या सुमारास, पन्हाळ्याहून कारभार पाहणाऱ्या छत्रपती संभाजी (दुसरे) यांच्या नावाने हा ग्रंथ सिद्ध झाला. म्हणून करवीर राज्याच्या वैचारिक इतिहासात त्याचे स्थान पहिल्या ओळीत आहे.

‘आज्ञापत्रा’चा गौरव बहुधा दुर्ग आणि आरमार या प्रकरणांसाठी केला जातो. वतनदारांविषयीचे प्रकरण राजनीतीचा नमुना म्हणून उल्लेखिले जाते. पण त्याची भाषा, त्यातील युक्तिवादाची रचना आणि त्याचे मौन यांची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत निबंधात ती करण्याचा प्रयत्न आहे. या प्रकरणातील रोगनिदान अचूक असले तरी उपाय अपुरा आहे आणि त्या अपुरेपणाचे मूळ ग्रंथकाराने योजलेल्या संज्ञेतच आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पार्श्वभूमी

हे प्रकरण शांततेच्या काळातील चिंतन नव्हे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली आणि राजाराम महाराज जिंजीस गेले. त्या काळात महाराष्ट्रातील कारभाराची धुरा ‘हुकुमतपनाह’ म्हणून रामचंद्रपंतांकडे होती. मोगल फौजा मुलखात असताना देशमुख, देशपांडे व पाटील यांना आपल्या बाजूस राखणे ही जीवनमरणाची गरज होती. औरंगजेब वतने बहाल करीत होता, त्यामुळे राजारामांच्या बाजूनेही वतने आणि इनामे देणे भाग पडले. शिवाजी महाराजांनी देशमुखांचे बुरूजबंद वाडे पाडून त्यांना साध्या घरात राहावयास लावले, असे सभासद बखर सांगते. ते धोरण या धामधुमीत टिकणे शक्य नव्हते.

१७०७ नंतर या पेचाला आणखी एक धार आली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून आले, १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला आणि मराठ्यांच्या दोन गाद्या समोरासमोर उभ्या राहिल्या. १७१४ मध्ये ताराबाईंची सत्ता जाऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या पंचवीस वर्षांत नाराज वतनदारास जाण्यासाठी कधी मोगल छावणी होती, तर कधी दुसरी गादी. ज्याला दुसरे दार उघडे आहे त्याला दंडाचा धाक दाखविता येत नाही, हा ग्रंथकाराचा प्रत्यक्ष अनुभव होता. वतनदार प्रकरणाच्या प्रत्येक विधानामागे तो अनुभव उभा आहे.

संज्ञेचा प्रश्न

प्रकरणाचा आरंभच एका नकाराने होतो. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना लोक वतनदार म्हणतात, पण ते नाव केवळ रूढीचे आहे. वस्तुतः हे आपापल्या जागी छोटे स्वतंत्र सत्ताधीशच आहेत, असे ग्रंथकार बजावतो. पुढे त्यांच्या स्वभावाचे वर्णन येते. असलेल्यावर त्यांचे समाधान नसते. बळ वाढले की ते शेजाऱ्याचे हिरावून घेतात, दंडाची चाहूल लागताच दुसऱ्याचा आश्रय धरतात, घरे मजबूत करून त्यांच्या जोरावर झुंजतात आणि परचक्र आले की वतनाच्या लोभाने सर्वांआधी शत्रूची भेट घेतात. वर्णनाचा हा क्रम यदृच्छेने आलेला नाही. असमाधान, बळ, अतिक्रमण, आश्रय, फितुरी या पायऱ्यांनी उपद्रव कसा वाढत जातो, याची ती कार्यकारण मांडणी आहे.

या वर्गासाठी ग्रंथकाराने योजलेला निर्णायक शब्द म्हणजे ‘दायाद’. तो राजनीतीतून आलेला नाही, वारसाहक्काच्या व्यवहारातून आला आहे. दायाद म्हणजे भाऊबंद, मिळकतीचा जन्मजात वाटेकरी. सेवकाला काढून टाकता येते, शत्रूचा पराभव करता येतो. दायादाला यांपैकी काहीच लागू पडत नाही. त्याच्याशी भांडता येते, त्याला आवरता येते, पण त्याचा वाटा मुळात नाकारता येत नाही. हा शब्द स्वीकारताच उपायांचे क्षेत्र आपोआप आक्रसते. म्हणूनच वतनदारांना अति स्नेह आणि अति कठोरता यांच्या मध्ये ठेवावे, त्यांचे चालत आलेले हक्क चालू द्यावेत पण रयतेवरील त्यांची सत्ता वाढू देऊ नये, मजबूत वाडे बांधू देऊ नयेत, आज्ञाभंग झाल्यास दंड करावा, अशा तोल सांभाळणाऱ्या सूचनांवर प्रकरण थांबते. वतन हे पदच असावे काय, हा प्रश्न त्याला पडत नाही.

वृत्ती आणि इनाम यांविषयीच्या पुढील प्रकरणात ग्रंथकार याहून धीट होतो. सेवकास सेवेबद्दल भूमी देणे म्हणजे राज्य आपल्या हाताने कमी करणे, हा तेथील विचार आहे. दोन्ही प्रकरणे एकत्र वाचली असता एक कालरेषा स्पष्ट होते. जे देऊन झाले ते परत घेता येत नाही, म्हणून यापुढे देऊ नये. भूतकाळाच्या बाबतीत तडजोड आणि भविष्याच्या बाबतीत कठोरता, असे या धोरणाचे स्वरूप आहे.

ग्रंथकार आणि त्याचा विषय

या ठिकाणी ग्रंथकाराच्या स्वतःच्या स्थानाचा विचार अटळ ठरतो. आणीबाणीच्या काळात वतने व इनामे देणाऱ्या कारभाराचे प्रमुख रामचंद्रपंत स्वतःच होते. त्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर वंशपरंपरेने चालू राहिली आणि विशाळगड, कागल, इचलकरंजी, कापशी, तोरगल यांच्याबरोबर बावडा ही करवीर संस्थानातील प्रमुख जहागिरींपैकी एक गणली गेली. वंशपरंपरागत सत्तेचा धोका सांगणाऱ्या ग्रंथकाराचेच घराणे अशा सत्तेचे धनी व्हावे, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

त्याला दांभिकपणा म्हणणे मात्र घाईचे होईल. वतनदाराच्या मनाचे इतके बारकाईचे ज्ञान दूरस्थ निरीक्षकास झाले नसते. ते आतून पाहणाऱ्याचे ज्ञान आहे. पण आतून पाहणाऱ्याची मर्यादाही तीच असते. ज्या चौकटीत त्याचे घर उभे आहे ती चौकट मोडण्याचा विचार त्याच्या लेखणीस सुचत नाही. ‘आज्ञापत्रा’तील वतनदार म्हणजे प्रायः देशमुख, देशकुलकर्णी आणि पाटील. गावगाड्यातील महार वतनही वतनच होते. त्या वतनात हक्काचा अंश तुटपुंजा आणि सक्तीच्या श्रमाचा अंश मोठा होता. वतनाची ही दुसरी बाजू या प्रकरणात विषय म्हणून येतच नाही.

एक समकालीन तुलना

या मर्यादेवर प्रकाश टाकण्यासाठी अगदी वेगळ्या क्षेत्रातील एक कृती उपयोगी पडते. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी रचलेला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा संगणकीय खेळ २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी त्याची निवड केली. खेळणाऱ्याने बुटक्यांची एक वसाहत डोंगरात वसवायची असते. लोकसंख्या पन्नासच्या घरात गेली की वसाहत आपला महापौर निवडते. पुढे भरभराट झाली की सरदारपदे येतात. ही मंडळी प्रशस्त दालने मागतात, अमुक वस्तू घडवाव्यात असे फर्मान काढतात, तमुक वस्तू बाहेर विकू नये अशी बंदी घालतात. मागितलेली वस्तू घडविण्याचे साहित्य त्या भूमीत नसले तरी फर्मान कायम राहते. ते पाळले गेले नाही की शिक्षा मात्र राबणाऱ्या कारागिरास होते.

खेळणारे यावर दोन प्रकारचे उपाय करतात. एक, उपद्रवी सरदाराला दालनात कोंडून तेथे पाणी किंवा लाव्हा सोडणे. दुसरा, सरदारकी देताना ज्याच्या आवडीनिवडी सहज भागविता येतील असाच उमेदवार पुढे करणे. पहिला उपाय लोकप्रिय आहे, कारण येथे दंडाची किंमत राज्याला फारशी मोजावी लागत नाही. सरदाराला जाण्यासाठी दुसरी छावणी नसते. १६८९ ते १७१५ या काळातील महाराष्ट्रात नेमकी तीच स्थिती उलटी होती. दुसरा उपाय ‘आज्ञापत्रा’च्या वृत्ती प्रकरणाशी जुळतो. पद देऊन झाल्यावर आवरण्यापेक्षा देतानाच विचार करावा, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

तुलनेतून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, खेळणारा आणि ‘आज्ञापत्रा’चा राजा एकाच उंचीवरून पाहतात. उपद्रव म्हणजे काय, हे तेथून ठरते. रयतेचे दुःख कारण म्हणून येते, कर्ता म्हणून रयत येत नाही. दुसरी, वरच्याच्या हट्टाची शिक्षा खालच्याला भोगावी लागते, हे सत्य खेळात ठळक आहे. ‘आज्ञापत्रा’त ते राज्यहानीच्या विवेचनामागे पडते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या खेळात निवडून आलेला महापौर आणि नेमलेला सरदार यांच्या वर्तनात फारसा फरक नाही, कारण दोघांच्या पदाला जोडलेले अधिकार सारखेच आहेत. पद कसे मिळाले यापेक्षा पदाबरोबर काय मिळाले, यावर उपद्रव अवलंबून असतो.

चौकट मोडणारा उपाय

‘आज्ञापत्रा’ने न विचारलेला प्रश्न दोन शतकांनी त्याच करवीर राज्यात विचारला गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने नष्ट करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनासंबंधीही निर्णय झाला. वतनी जमिनी रयतावा करून त्या वतनाला चिकटलेल्या सक्तीच्या सेवेतून महार समाजास मोकळे करण्याचा तो प्रयत्न होता. कुलकर्णी वतन रद्द करण्यास मोठा विरोध झाला. तरीही या निर्णयाचे तात्त्विक मोल विरोधाने कमी होत नाही. कुलकर्णी चांगला की वाईट, स्नेहाने वागवावा की दंडाने, हा प्रश्नच तेथे बाजूला सारला गेला. दायादाचे रूपांतर सेवकात करण्यात आले.

वतनाची दुसरी बाजूही प्रथमच एकाच धोरणाच्या कक्षेत आली. वरच्या वतनदाराची सत्ता आणि खालच्या वतनदाराची गुलामी या एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांवर एकाच वर्षी हात घातला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. महाराष्ट्रात महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद जाण्यास १९६२ चा कायदा यावा लागला. करवीरातील निर्णय या सर्वांच्या बत्तीस ते चव्वेचाळीस वर्षे आधीचा आहे.

निवडून आलेल्यांचा प्रश्न

वंशपरंपरा गेली म्हणजे पेच संपला, असे मात्र नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले आणि १९९३ पासून ती अमलात आली. सरपंचाची निवड कोणी करावी, यावर महाराष्ट्राने अल्पकाळात तीनदा दिशा बदलली. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द करून निवड पुन्हा सदस्यांकडे सोपविली गेली आणि २०२२ मध्ये थेट निवड परत आणली गेली. सदस्यांनी निवडलेला सरपंच सदस्यांच्या ओढाताणीत अडकतो. थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांचा वचक उरत नाही. अति स्नेह आणि अति कठोरता यांमधील तोल शोधणारा अमात्यांचा पेच येथे नव्या वेषात दिसतो.

हा सारा वाद निवडीच्या पद्धतीभोवती फिरला, पदाबरोबर येणाऱ्या अधिकारांच्या हिशेबाची चर्चा त्यामानाने मागे राहिली. ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो काय, लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता होते काय, पद घरातल्या घरात फिरते काय, हे प्रश्न निवडीच्या पद्धतीइतकेच, किंबहुना अधिक, निर्णायक आहेत. ग्रामसभा ही संस्था या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते. ‘आज्ञापत्रा’त आणि खेळातही जी कर्ता म्हणून नाही, त्या रयतेला तेथे बोलण्याची जागा आहे. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते तेव्हा ती जागा पुन्हा रिकामी होते.

निष्कर्ष

‘आज्ञापत्रा’तील वतनदार प्रकरण हे मधल्या सत्ताधाऱ्याच्या स्वभावाचे मराठीतील अव्वल विश्लेषण आहे. ‘दायाद’ या संज्ञेने त्याला नेमकेपणा दिला आणि त्याच संज्ञेने त्याचा उपाय बांधून टाकला. १९१८ च्या निर्णयांनी दायादाचा सेवक करता येतो हे दाखविले. लोकशाहीत तोच प्रश्न उलट दिशेने उभा राहतो : मुदतीपुरता निवडलेला सेवक घराणेशाहीने, हिशेबाच्या अभावाने आणि रिकाम्या ग्रामसभेमुळे पुन्हा दायाद होऊ शकतो. हा ग्रंथ आज वाचताना राजाच्या जागी बसून वतनदाराकडे पाहण्याची सवय बाजूस ठेवावी लागते. वसुली ज्याच्याकडून होते त्याच्या उंबऱ्यावरून पाहिले, तरच या प्रकरणात काय सांगितले आहे आणि काय सांगावयाचे राहिले आहे, या दोन्हींचा उलगडा होतो.