रक्तरसातील खुणा आणि वंशाचे नकाशे

रक्तगटांचा धडा संपत आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. 'सर, रक्त तपासून माणूस कुठल्या लोकांपैकी आहे ते सांगता येतं का?' बहुतेक शिक्षक 'नाही' म्हणून पुढे जातात. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण याच प्रश्नाच्या मागे लागून कित्येक संशोधकांनी आयुष्ये खर्च केली आहेत. जपानचे हिदेओ मात्सुमोतो हे त्यांपैकी एक. जपानी लोकांचे मूळ प्रतिपिंडांच्या खुणांवरून शोधणारा त्यांचा दीर्घ आढावा २००९ साली जपान अकादमीच्या नियतकालिकात इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो मिळवून वाचावा असे आम्ही सुचवतो. मात्र वाचताना कुठे मान डोलवावी आणि कुठे थांबून शंका घ्यावी, हेही सांगायला हवे.

आधी थोडी पूर्वपीठिका. प्रतिपिंड हे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिन असते. त्याची दोन टोके जंतूला ओळखून पकडतात, तर खालचा देठ शरीरातील इतर पेशींच्या हाती लागतो. हा देठ सर्व माणसांत अगदी सारखा असेल अशी जुनी समजूत होती. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे रुने ग्रुब यांनी ती मोडली. त्यांनी तांबड्या पेशींवर प्रतिपिंडांचा लेप दिला आणि त्यांत संधिवाताच्या रुग्णाचा रक्तरस मिसळला. पेशींच्या गुठळ्या झाल्या. मग याच मिश्रणात निरोगी माणसांचा रक्तरस घालून पाहिला, तेव्हा काहींच्या रक्तरसाने गुठळ्या होणे थांबले, काहींच्या नाही. हा गुण आईबापांकडून मुलांकडे जातो, हेही स्पष्ट झाले. या खुणांना जीएम हे नाव पडले. त्यातला 'जी' गामा ग्लोब्युलिनचा. पुढे अशा डझनावारी खुणा सापडल्या. देठाची जनुके चौदाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असल्याने या खुणा सुट्या न येता गठ्ठ्याने वारशात येतात. अशा गठ्ठ्याला हॅप्लोटाइप म्हणतात.

मात्सुमोतोंच्या कामाचे मोठेपण इथे आहे. डीएनए वाचण्याची यंत्रे प्रयोगशाळांत येण्यापूर्वीपासून त्यांनी केवळ रक्तरस आणि परीक्षानळ्यांच्या बळावर काम केले. आढाव्यात सुमारे १३० आशियाई व त्यांच्याशी संबंधित लोकसमूहांची आकडेवारी एकत्र आहे. त्यावरून त्यांनी उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे दोन गट पाडले. एएफबी१बी३ नावाचा गठ्ठा दक्षिणेत भरपूर आणि उत्तरेत अत्यल्प. एबी३एसटी नावाच्या गठ्ठ्याचे याच्या उलट. त्याचे प्रमाण सैबेरियातील बैकल सरोवराच्या परिसरात, बुर्यात लोकांत, सर्वाधिक. इथपर्यंतची आकडेवारी भक्कम आहे आणि ती कुणी खोडलेली नाही.

पण आकडे आणि निष्कर्ष यांत एक उडी असते. मात्सुमोतोंचा निष्कर्ष असा, की जपानी लोक मूळचे बैकलच्या आसपासचे, जवळजवळ एकजिनसी, आणि त्यांच्यातील दक्षिणेकडची भेसळ अवघी ७ ते ८ टक्के. ही उडी आम्हांला मान्य नाही.

एखादी गोष्ट आज जिथे सर्वाधिक आढळते तिथेच ती जन्मली, असे गृहीत धरता येत नाही. मिरचीचेच पाहा. सुक्या मिरचीच्या उत्पादनात आज भारत जगात अव्वल आहे. केवळ तेवढ्यावरून ठरवायचे तर मिरचीचे माहेर आंध्रात किंवा आपल्या खानदेशात निघेल. प्रत्यक्षात ती अमेरिका खंडातून आली. लहान लोकसमूहात एखादे जनुक निव्वळ योगायोगाने वाढते, दुसरीकडे नाहीसे होते. बैकलजवळचा उंच आकडा 'इथे हे जनुक पुष्कळ आहे' एवढेच सांगतो.

दुसरे असे, की जीएम म्हणजे एका गुणसूत्रावरचा एक इवलासा तुकडा. माणसाला दहा पिढ्यांमागे हजारभर पूर्वज असतात. हा तुकडा त्यांतल्या एखाद-दोघांकडूनच आलेला असतो. त्यांची कथा ती सगळ्यांची कथा नव्हे. २०२१ साली जपानमधील प्राचीन सांगाड्यांचा डीएनए वाचून एका आंतरराष्ट्रीय गटाने निष्कर्ष काढला, की आजच्या जपानी लोकांत तीन प्रवाह मिसळले आहेत: जोमोन काळातील शिकारी, यायोई काळात ईशान्य आशियातून आलेले लोक, आणि कोफुन काळात पूर्व आशियातून आलेले. 'एकजिनसी' हा शब्द इथे टिकत नाही. मात्सुमोतोंनी वापरलेला 'मंगोलवंशीय' हा शब्दही आता जीवशास्त्राच्या पुस्तकांतून जवळपास हद्दपार झाला आहे. काही शालेय पुस्तकांत तो अजून सापडतो, तिथे शिक्षकांनी पेन्सिल चालवावी.

आमचा तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. पूर्वजांचा माग काढायचा तर खूण निरुपयोगी असलेली बरी, म्हणजे ती असण्या-नसण्याने जगण्या-मरण्यात फरक पडत नाही. प्रतिपिंडाच्या खुणेबाबत असे कसे मानावे? रोगाशी लढणे हेच ज्याचे काम, त्या जनुकावर रोगांची नजर असणारच. एबी३एसटी या नावातील 'एस' आणि 'टी' या खुणा आयजीजी३ जातीच्या प्रतिपिंडावर असतात. बहुतेकांच्या आयजीजी३मध्ये ४३५व्या स्थानी अर्जिनिन हे अमिनो आम्ल असते. एस-टी खुणांच्या आयजीजी३मध्ये तिथे हिस्टिडिन असते. फरक एका आम्लाचा, परिणाम मोठा. एफसीआरएन नावाचा ग्राहक प्रतिपिंडांना पेशीत नष्ट होण्यापासून वाचवून रक्तात परत सोडतो. अर्जिनिनवाले आयजीजी३ त्याच्या हातून निसटते, म्हणून ते रक्तातून आठवडाभरात अर्धे होते. हिस्टिडिनवाले मात्र आयजीजी१प्रमाणे सुमारे तीन आठवडे टिकते. हे २०११ साली नेदरलँड्समधील संशोधकांच्या गटाने दाखवले.

हाच ग्राहक वारेतून आईचे प्रतिपिंड बाळाकडे पोचवतो. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात आई-बाळांच्या जोड्यांचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. जिथे हिस्टिडिनवाले रूप आढळले, तिथे हिवतापाविरुद्धचे आयजीजी३ बाळाकडे अधिक पोचत होते आणि बाळाला हिवतापाचा धोकाही कमी होता. म्हणजे मात्सुमोतोंनी ज्या खुणेवरून 'उत्तर आशियाई' अशी चिठ्ठी लावली, तिच्यातला कामाचा फरक आफ्रिकेतही आहे, वेगळ्या गठ्ठ्यात बसून. गठ्ठ्याला आपण लोकांचे नाव दिले. हिवतापाला त्या नावाशी कर्तव्य नाही.

लोकांच्या नावाने जनुक वाचले की काय घोटाळा होतो, आणि तो कसा सोडवता येतो, याचा वस्तुपाठ अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातून मिळतो. तेथील पीमा लोकांत (ते स्वतःला अकिमेल ओ'ओधाम म्हणतात) आणि त्यांच्या शेजारच्या तोहोनो ओ'ओधाम लोकांत मधुमेह फार. विल्यम नोलर आणि सहकाऱ्यांनी ४,९२० जणांची तपासणी करून १९८८ साली निबंध लिहिला. 'जीएम ३;५,१३,१४' हा गठ्ठा असलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण ८ टक्के होते; नसलेल्यांत २९ टक्के. एखाद्या उतावळ्या संपादकाने 'मधुमेहापासून वाचवणारे प्रतिपिंड-जनुक सापडले' असा मथळा दिला असता.

नोलर यांनी तो दिला नाही. हा गठ्ठा युरोपीय लोकांत सर्रास आणि मूळच्या अमेरिकन लोकांत विरळ, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी प्रत्येकाच्या पूर्वजांत मूळ अमेरिकन किती, हे अष्टमांशांत मोजले आणि गटवार पुन्हा हिशेब केला. ज्यांचे पूर्वज मूळ अमेरिकन नव्हतेच, त्यांच्यात सुमारे ६६ टक्के लोकांकडे हा गठ्ठा होता. ज्यांचे पूर्वज निम्मे होते त्यांच्यात ४२ टक्क्यांकडे. पूर्ण मूळ अमेरिकनांत जेमतेम २ टक्क्यांकडे. आता मधुमेह पाहा, वयाचा फरक जमेस धरून. पहिल्या गटात गठ्ठा असलेल्यांत १८ टक्के, नसलेल्यांत २०. निम्म्यांच्या गटात २८ आणि २९. पूर्ण गटात ३६ आणि ३९. आठ-विरुद्ध-एकोणतीसची दरी जवळपास बुजली. गठ्ठा मधुमेह टाळत नव्हता. तो फक्त युरोपीय पूर्वजांची पावती होता, आणि त्या पूर्वजांबरोबर काय काय आले, आहार, जमीन, राहणी की दुसरी जनुके, हा प्रश्न वेगळाच. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे आकडे फळ्यावर लिहून द्यावेत आणि आधी फक्त पहिली जोडी दाखवावी. किती जण फसतात ते पाहण्यासारखे असते.

मग प्रतिपिंड-जनुकांतील फरक खोटे आहेत का? मुळीच नाही, आणि त्यांवर लसींचे यशही अवलंबून असू शकते. एचआयव्हीविरुद्ध लशीची एक नवी कल्पना अशी, की शरीरातील विशिष्ट दुर्मीळ बी-पेशींनाच पहिल्या टोचणीने जागे करायचे. या पेशींचे प्रतिपिंड आयजीएचव्ही१-२ या टोकाच्या जनुकापासून बनतात, आणि तेही त्या जनुकाच्या ठरावीक रूपांपासूनच. अमेरिकेत झालेल्या पहिल्या चाचणीचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित पेशी जाग्या झाल्या. उरलेल्या एकाचे जनुक तपासले, तर त्याच्याकडे दोन्ही गुणसूत्रांवर चालणारी रूपे नव्हती. ५०व्या स्थानी ट्रिप्टोफॅनच्या जागी अर्जिनिन बसलेले होते. लस चुकली नव्हती. तिला पकडायला हवा तो हात त्या माणसापाशी नव्हता. या रूपांचे प्रमाण लोकसमूहागणिक बदलते, म्हणून लस कुठे किती चालेल याचा अंदाज बांधायला लोकसमूहांची आकडेवारी हवीच. पण त्या एका माणसाबाबत उत्तर कशावरून मिळाले? त्याच्या वंशावरून नव्हे, त्याचे जनुक वाचून.

अडचण ही, की अशी विश्वासार्ह आकडेवारी थोडी आहे. जनुकांच्या या पट्ट्यात एकसारखे दिसणारे तुकडे पुन्हापुन्हा येतात, काही माणसांत ते कमी-जास्त असतात, त्यामुळे तो वाचणे जिकिरीचे. २०१३ साली एकाच गुणसूत्रसंचावरून हा टोकांचा पट्टा अखंड वाचला गेला, तेव्हा एक लाखाहून अधिक अक्षरांचा मजकूर आधीच्या प्रमाणप्रतीत नव्हताच असे दिसले. गाजलेल्या 'हजार जीनोम' प्रकल्पातून ही जनुके वेचून काढण्याचा प्रयत्न झाला, त्यावर २०१७ साली तज्ज्ञांनी रास्त टीका केली. त्या प्रकल्पातील डीएनए मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या बी-पेशींतून काढलेला होता. बी-पेशी तर प्रतिपिंड बनवताना नेमकी हीच जनुके कापून-जोडून घेते! ज्या पानांवरचा मजकूर वाचायचा, तीच पाने आधी फाडलेली. या बाबतीत मात्सुमोतोंच्या परीक्षानळ्या उजव्या ठरतात. त्यांनी ढोबळ का होईना, पण रक्तात प्रत्यक्ष फिरणारे प्रतिपिंड तपासले होते.

त्याच प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच नमुने आहेत: ह्यूस्टनमधील गुजराती, ब्रिटनमधील तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातील बंगाली. भारताच्या भूमीवर घेतलेला एकही नाही, आणि मराठी भाषकांचा स्वतंत्र नमुनाही नाही. तरीही पुष्कळ तक्त्यांत या पाचांच्या सरासरीवर 'दक्षिण आशियाई' असा एकच मथळा असतो. तो मथळा वाचून आपल्या वर्गातल्या मुलांबद्दल काही सांगायचे झाले, तर आधी विचारावे लागेल, की यांतले नेमके कोणाचे रक्त तपासले होते आणि कोणत्या पेशींतून.