‘सामावून घेतले’ म्हणजे काय?

शेलू स्टेशनभोवती इमारती वाढल्या तसा ‘बाहेरचे’ हा शब्दही वाढला. मग कुणी अभ्यासक बेने इस्रायलींचा दाखला देतो: रायगडने परधर्मीयांना सामावून घेतले. मला हा दाखला अर्धवट वाटतो.

तेलाचा घाणा चालवणारे हे ज्यू शनिवारी काम बंद ठेवत; गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. श्रद्धा कोणती हे न विचारता जातींच्या उतरंडीत एक जागा दिली, इतकेच. जुळवून घेतले ते त्यांनी. नवगावकर, केहीमकर, दिवेकर ही गावांवरची आडनावे, घरात मराठी, एलियाहूच्या नवसाला मलिदा. एकोणिसाव्या शतकात तर बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनेही केली. छळ झाला नाही, आणि ही गोष्ट लहान नाही.

खरी अडचण इस्रायलात आली. धर्म एकच, तरी १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी विवाहाआधी त्यांच्या मातृवंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. बेने इस्रायलींनी आंदोलन केले, १९६४ साली रब्बींना माघार घ्यावी लागली. कोकणात ही चौकशी कुणी केली नव्हती, कारण त्यांच्याशी सोयरीक करायचे कुणाच्या मनातही नव्हते.